प्रोबायोटिकचे जिवाणू आतड्यात कायमचे रुजतात का?

आतड्यातील जिवाणूंचा तोल बिघडल्यावर प्रोबायोटिकच्या गोळ्या घेतल्या की चांगले जिवाणू तिथे कायमचे रुजतात, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी तो चुकीचा आहे. गोळीतले जिवाणू बहुधा पाहुण्यांसारखे येतात आणि गोळी बंद केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत शौचावाटे निघून जातात. इस्रायलमधील वाइझमन इन्स्टिट्यूटच्या २०१८ च्या अभ्यासात तर असे दिसले, की प्रतिजैविकांनंतर ११ प्रकारच्या जिवाणूंचे मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यात मूळचे जिवाणू परतायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. (अभ्यास छोटा होता, हेही खरे.) त्यामुळे पोटाच्या जुनाट त्रासात गोळी घ्यायचीच झाल्यास डॉक्टरांना विचारून, ठरावीक तक्रारीसाठी, फार तर १२ आठवडे घेऊन पाहावी आणि फरक न पडल्यास थांबवावी.