निर्णयसाहाय्य साधने, पालकांसाठी

दीर्घ आजारी मुलाच्या उपचारात वैद्यकीयदृष्ट्या रास्त असे दोन किंवा अधिक मार्ग असतात, तेव्हा आपल्या घराला कोणता झेपेल हे ठरवायला आईवडिलांना मदत करणारी, कागदावर, संगणकावर वा मोबाइलवर वापरायची साधने. डॉक्टर मंडळी त्यांना ‘डिसिजन एड’ म्हणतात. माहितीपत्रक आजार समजावून थांबते. हे साधन ‘यात तुम्हाला महत्त्वाचे काय?’ असेही विचारते. उपचार ठरवून देणारी ॲप्स या वर्गात मोडत नाहीत.

कॅनडातील ओटावा हे या कामाचे माहेरघर. संशोधक ॲनेट ओकॉनर यांनी १९९५ मध्ये निर्णय घेतानाची द्विधा मोजणारी प्रश्नावली तिथूनच प्रसिद्ध केली. ओटावाच्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर आजारवार साधनांची सूची आहे आणि कोणत्याही निर्णयासाठी भरता येणारा मोफत तक्ताही. साधनांच्या दर्जाचे निकष ‘इपडास’ हा २००३ साली सुरू झालेला आंतरराष्ट्रीय गट ठरवतो. फायदे-तोटे सारख्याच ठळकपणे मांडावेत, नुसते ‘क्वचित’ न म्हणता शंभरात किती ते सांगावे आणि पैसा कोणी दिला तेही लपवू नये, असा त्यांचा आग्रह.

सिकलसेल या लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक रक्तविकारावरील हायड्रॉक्सियुरिया हे बोलके उदाहरण. हे औषध ‘गर्भातील हिमोग्लोबिन’ (गर्भावस्थेत बाळाच्या रक्तात असणारा, जन्मानंतर घटत जाणारा प्रकार) वाढवून वेदनांचे झटके कमी करते. २०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सिकलसेल ॲनिमिया असलेल्या बाळाला नऊ महिन्यांपासून, त्रास नसला तरी, ते देऊ करावे. पण ते कर्करोगातही वापरतात, हे ऐकून पालक बिचकतात. शिवाय पांढऱ्या पेशी घटू शकत असल्याने रक्त पुन्हा पुन्हा तपासावे लागते. अमेरिकेतील सिनसिनाटीच्या बालरुग्णालयाच्या पुढाकाराने याच निर्णयासाठी पालकांकरिता साधन तयार झाले.

ओटावाच्या तक्त्यात प्रत्येक फायद्या-तोट्यापुढे शून्य ते पाच तारे द्यायचे असतात. दोघांनी मिळून भरायची आवृत्तीही आहे. समजा, आईने ‘दुखणे कमी होईल’ला पाच तारे दिले आणि वडिलांनी ‘दर तपासणीला दिवसाची मजुरी बुडेल’ला पाच. घरात महिनोन्‌महिने धुमसणारा वाद अशा वेळी डॉक्टरांपुढे कागदावर येतो. साधनाचा खरा उपयोग मला इथेच दिसतो.

वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या आढाव्यात २०९ चाचण्या होत्या. साधने वापरणाऱ्यांना माहिती अधिक, जोखमीचा अंदाज नेमका आणि द्विधा कमी, असे आढळले. मात्र त्यातील बहुतेक चाचण्या प्रौढांच्या स्वतःविषयीच्या निर्णयांच्या आहेत.

विदर्भ आणि नंदुरबार भागात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथे असे साधन आणायचे तर नुसते भाषांतर पुरणार नाही. मध्य भारतातील रुग्णांत मुख्यतः अरब-भारतीय जनुकीय प्रकार असतो आणि त्यात गर्भातील हिमोग्लोबिन मुळातच साधारणतः जास्त असते. तारे द्यायचा रकाना तसाच ठेवता येईल. झटक्यांचे आकडे मात्र इथल्या मुलांच्या नोंदींवरूनच घालावे लागतील.