पार्श्वभूमी : ढाका १९७१, ‘युद्धबंदी’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठीत ‘युद्धबंदी’ हा शब्द दोन अर्थांनी छापला जातो. लढाई थांबवणे हा एक अर्थ आणि लढाईत पकडलेला शत्रुसैनिक हा दुसरा. काश्मीरमधल्या १९४९ च्या रेषेला आपण वर्षानुवर्षे ‘युद्धबंदी रेषा’ म्हणत आलो, आणि १९७१ नंतर भारतातल्या छावण्यांत ठेवलेले पाकिस्तानी जवानही ‘युद्धबंदी’च झाले. एरवी मागच्यापुढच्या वाक्यावरून अर्थ लागतो. डिसेंबर १९७१ बद्दल वाचताना मात्र घोटाळा होतो, कारण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानची राजधानी असलेल्या ढाक्यातला सगळा पेच या दोन अर्थांमध्येच अडकला होता. म्हणून इथे पहिल्या अर्थासाठी शस्त्रसंधी आणि दुसऱ्यासाठी युद्धकैदी असे शब्द घेतले आहेत.

भारताचे तत्कालीन लष्करप्रमुख सॅम माणेकशॉ यांची युद्धाबद्दलची भूमिका सांगताना एप्रिल १९७१ च्या मंत्रिमंडळाच्या बैठकीवर भर दिला जातो. पावसाळा तोंडावर, पूर्वेकडच्या नद्या फुगणार, उत्तरेकडच्या खिंडी बर्फाने बंद होईपर्यंत चीनकडचा धोका कायम, उत्तरेत कापणी सुरू असल्याने रेल्वेवर धान्याचा ताण, रणगाड्यांची दुरवस्था. ही कारणे देऊन त्यांनी मुदत मागितली. मुदत मिळाली, हे खरे. पण राजकीय नेतृत्व तेव्हाच युद्धाला उतावीळ होते का, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. लष्करप्रमुखांचा कस लागला तो डिसेंबरात.

१४ डिसेंबरला पूर्वेकडच्या पाकिस्तानी सेनापतींनी अमेरिकी वकिलातीमार्फत प्रस्ताव पाठवला. आपल्या फौजांना ठरावीक भागांत एकत्र जमू द्यावे, १९४७ नंतर तिथे स्थायिक झालेल्यांना संरक्षण मिळावे, सूड घेतला जाऊ नये, अशा त्याच्या अटी होत्या. त्यात शरणागतीचा उल्लेख नव्हता. मागितला होता तो शस्त्रसंधी.

फरक नुसता शब्दांचा नव्हता. शस्त्रसंधीत फौज हत्यारांसह जागच्या जागी राहते, वाटाघाटीला बसते आणि कुणाची कैदी होत नाही. शरणागतीत ती हत्यारे खाली ठेवते आणि तिच्या जिवाची, अन्नाची, औषधपाण्याची जबाबदारी त्या क्षणापासून जिंकणाऱ्यावर येते. शिवाय ७ डिसेंबरलाच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ मतांनी शस्त्रसंधी आणि सैन्यमाघारीचा ठराव केला होता. नुसता शस्त्रसंधी मान्य झाला असता, तर पुढचे पाऊल भारतीय फौजांच्या माघारीचे ठरले असते आणि पाकिस्तानी फौज तिथेच राहिली असती.

लष्करप्रमुखांनी १५ तारखेला उत्तर दिले. संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबतील, पण हवी आहे ती शरणागतीच. जो शरण येईल त्याला जिनिव्हा कराराप्रमाणे, म्हणजे युद्धकैद्यांना कसे वागवायचे हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे, सन्मानाने वागवू. हेच आश्वासन आधीपासून रेडिओवरून आणि पत्रकांतून दिले जात होते. मुदत पुढे दुपारी तीनपर्यंत वाढली. १६ डिसेंबरला ढाक्यातल्या रमणा रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. त्या कागदातले एक वाक्य फारसे कुणी सांगत नाही : शरणागतीच्या अटींच्या अर्थाबद्दल शंका आली, तर भारताच्या पूर्व विभागाच्या सेनापतींचा निर्णय अखेरचा. पश्चिमेला मात्र १७ तारखेला रात्री आठपासून झाला तो शस्त्रसंधीच. एकाच युद्धाचे शेवट दोन.

जिनिव्हा कराराप्रमाणे कैदी स्वीकारणे हे बारकाव्याचे काम असते. हत्यारे, लष्करी साहित्य आणि लष्करी कागद काढून घ्यायचे. हेल्मेट, कपडे, हुद्द्याची चिन्हे त्याच्यापाशीच ठेवायची. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, नोंद करून आणि पावती देऊन. कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक. छावणीत पोचल्यापासून आठवड्याभरात त्याला कार्ड लिहू द्यायचे, एक घरच्यांना आणि एक केंद्रीय माहिती कार्यालयाला. महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे. अधिकाऱ्यांना कामाची सक्ती नाही. घोळ होतो तो नोंदीत : नोंद झाली नाही, की माणूस कागदावर उरतच नाही आणि घरच्यांनी दाद कुणाकडे मागायची तेही कळत नाही.

ढाक्यात भारतीय तुकड्या सुरुवातीला थोड्या होत्या आणि शहरात सूडाची भीती होती. त्यामुळे शरण आलेल्यांची वैयक्तिक हत्यारे काही दिवस त्यांच्याकडेच राहू दिली. ऐकायला विचित्र वाटते, पण कैद्याचा जीव वाचवणे हीच तर जबाबदारी होती.

‘९३,००० सैनिक’ हा आकडा सर्रास छापतात. त्यात निमलष्करी आणि नागरीही होते. त्यांना परत पाठवताना शब्दांचा पेच पुन्हा उभा राहिला. जिनिव्हा करार म्हणतो, प्रत्यक्ष लढाई थांबताच विनाविलंब सोडा. भारत म्हणाला, शरणागती भारत आणि बांगलादेशाच्या संयुक्त फौजांपुढे झाली, तेव्हा बांगलादेशाला वगळून निर्णय नाही. जुलै १९७२ च्या सिमला करारात हा प्रश्न सुटला नाही. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर रवानगी सुरू झाली. ज्या १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले भरायचे होते, त्यांचाही विषय ९ एप्रिल १९७४ च्या त्रिपक्षीय करारात मिटवला गेला, आणि त्या महिन्याअखेर शेवटची तुकडी वाघा सीमेवरून पलीकडे गेली. पाकिस्तानात कैदेत असल्याचे भारत म्हणत आला, त्या ५४ बेपत्ता भारतीय जवानांचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.