गल्ला वाढला, पण माल किती खपला?

भारताच्या जीडीपीत जवळपास ६० टक्के वाटा घरगुती खर्चाचा असतो. त्यातला मोठा भाग आपल्या नाशिकच्या रविवार कारंजावरच्या किराण्यासारख्या किंवा कॉलेज रोडच्या शोरूमसारख्या किरकोळ दुकानांतून होतो. जीडीपीचा आकडा तिमाही संपल्यावर दोन महिन्यांनी येतो, किरकोळ विक्रीचा अंदाज त्याच्या कितीतरी आधी लागतो. म्हणून अर्थव्यवस्थेची तब्येत पाहणारे आधी इथे नाडी धरतात. अमेरिकेत जनगणना विभाग दर महिन्याला हा आकडा जाहीर करतो. आपल्याकडे असा एकच सरकारी मासिक आकडा नाही, त्यामुळे वाहननोंदणी, जीएसटी, यूपीआय असं जोडून बघावं लागतं.

घोळ होतो तो भावामुळे. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर गोडेतेल महागलं. समजा, एखाद्या दुकानात आधीच्या दिवाळीत १२० रुपयांच्या १०० पिशव्या गेल्या आणि त्या वर्षी १४४ रुपयांच्या ९५. गल्ला १२,००० वरून १३,६८० झाला, म्हणजे १४ टक्के वाढ. पण १.१४ ला १.२० ने भागा: ०.९५. खप ५ टक्क्यांनी घटलाय! बरेच जण १४ मधून २० सरळ वजा करतात आणि उणे ६ काढतात. भाववाढ थोडीशी असेल तर ते चालून जातं, मोठी असेल तर भागाकारच करावा. तोही त्या-त्या मालाच्या भाववाढीने, कारण सरसकट महागाई दरात घरभाडं आणि शाळेची फीसुद्धा असते. नुसते पुडे मोजूनही भागत नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचचाच राहतो, आतलं वजन कमी होतं. किलोत मोजलेला खप खरा.

दुसरा घोळ पंचांगाचा. २०२२ मध्ये दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, दोन्ही एकाच महिन्यात. २०२३ मध्ये १४ ऑक्टोबरपर्यंत पितृपक्षच चालू होता आणि लक्ष्मीपूजन गेलं १२ नोव्हेंबरला. पितृपक्षात नवी गाडी कोण घरी आणतो? अशा वेळी ऑक्टोबरची ऑक्टोबरशी तुलना करून मंदी आली म्हणणं निरर्थक. सप्टेंबर ते नोव्हेंबर असे तीन महिने एकत्र धरावेत.

सरकारी घोषणाही आकडा हलवते. जीएसटी कमी होणार हे १५ ऑगस्ट २०२५ ला कळलं, नवे दर लागू झाले घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला. मधले पाच आठवडे टीव्ही आणि लहान गाड्यांची गिऱ्हाइकं थांबून राहिली. आधीची घसरण आणि नंतरची उसळी हा बराचसा एकाच मागणीचा पुढे ढकललेला हिशेब. शिवाय दर उतरल्यावर विक्री वाढूनही जीएसटीचा भरणा घटू शकतो.

गाड्यांचे आकडे वाचताना कंपनीने डीलरकडे पाठवलेल्या गाड्या आणि गिऱ्हाइकाच्या नावावर नोंदलेल्या गाड्या वेगळ्या ठेवाव्यात. नाशिकची एमएच-१५ पाटी लागली तरच ती इथली किरकोळ विक्री. सप्टेंबर २०२४ मध्ये देशभरच्या शोरूममध्ये ८०-८५ दिवसांच्या विक्रीइतक्या प्रवासी गाड्या पडून असल्याचं डीलरांच्याच संघटनेने, फाडाने, सांगितलं होतं. कारखान्यातून गाड्या निघत होत्या, पण उभ्या होत्या डीलरच्या आवारात, त्याच्या कर्जाचं व्याज वाढवत.

नाशिकचा बाजार बघून देशाचं अनुमान काढायचं तर जरा जपूनच. कांदा तेजीत असला की लासलगाव, निफाडकडचा पैसा सराफ बाजारात आणि ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये उतरतो. त्याच वेळी मुंबईतलं घर कांद्यासाठी जास्त मोजतं आणि दुसरं काहीतरी घ्यायचं टाळतं. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली तेव्हा गणित उलटं झालं: शहरी गिऱ्हाइकाला दिलासा, इथल्या शेतकऱ्याच्या खिशाला कात्री.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नानं आहेत. तेव्हा पंचवटीतल्या विक्रीची वाढ डोळे दिपवेल आणि २०२८ च्या त्याच महिन्यांत ती उणे दिसेल. त्या वेळी तुलना २०२६ शी करावी आणि आलेली वाढ दोन वर्षांत वाटून घ्यावी.