पाहिले आणि सुचले : माहितीपट, मालिका आणि गोव्याचे कलावंत

चवथीच्या देखाव्याची कल्पना कुठून सुचली, असे माशेल-कुंभारजुव्याच्या बाजूला एखाद्या मंडळातल्या मुलाला विचारले, तर हल्ली तो फोन पुढे करतो. त्यात थांबवून ठेवलेली चौकट असते. कधी समुद्रतळाची, कधी एखाद्या जुन्या शहराच्या गल्लीची, कधी कुण्या दूरच्या देशातल्या कुंभाराच्या हातांची. देवळाच्या उत्सवातल्या नाटकाचे नेपथ्य करणारे, शिगम्याचे चित्ररथ बांधणारे, म्हादईच्या रानात कॅमेरा घेऊन फिरणारे, सगळ्यांच्या बोलण्यात स्ट्रीमिंगवर पाहिलेल्या माहितीपटांचे आणि मालिकांचे संदर्भ येऊ लागले आहेत. फोनवरची ही सवय जेमतेम दहा वर्षांची आहे. तिच्यामागचा इतिहास मात्र सव्वाशे वर्षांहून मोठा आहे, आणि तो समजून घेतला की आज आपल्याला काय मिळाले आणि काय हातचे गेले, हे नीट दिसते.

दुसऱ्याचा खेळ पाहून स्वतःचे काही सुचणे ही गोमंतकीयांना नवी गोष्ट नाही. आसगावचे लुकाझिन रिबेरो मुंबईत एका इटालियन संगीतनाट्य मंडळीच्या सहवासात आले. तो प्रकार पाहून त्यांना कोंकणीत काही करावेसे वाटले आणि १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीतनाटक, रंगला. चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्याच मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. ती नवलाई पाहून भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर या मराठी छायाचित्रकाराने लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती टिपली. रँग्लर परांजपे केंब्रिजचे यश मिळवून परतले तेव्हाचे स्वागतही त्यांनी चित्रित केले. भारतीय माहितीपटाची सुरुवात इथून धरतात.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे, पण तिचा एक भाग मागे पडतो. गिरगावात ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहताना त्यांच्या मनासमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, हे सगळे सांगतात. त्यानंतर १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी देवादिकांची कथा घेतली नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि अंकुर फुटून रोप वाढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपली. पडद्यावर ते रोप काही क्षणांत वाढताना दिसले आणि पैसे घालणाऱ्यांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला तो त्या रोपाच्या जोरावर. आज ‘टाइमलॅप्स’ म्हणून फोनमध्ये एक बटण असते, त्याच्यामागे हीच युक्ती आहे. मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की फाळक्यांनी ख्रिस्तचरित्राची नक्कल केली नाही. पडद्यावर एक शक्यता पाहिली आणि ती आपल्या कथेत, आपल्या कुंडीत रुजवली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी त्यांचे वार्तापट आणि अनुबोधपट दाखवणे बंधनकारक झाले. गोव्यात हे यायला १९ डिसेंबर १९६१ नंतरचा काळ उजाडावा लागला. पोर्तुगीज राजवटीत छापलेल्या शब्दालाही सेन्सॉरची कात्री होती. मुक्तीनंतर पणजीचे नॅशनल, म्हापशाचे अलंकार, मडगावचे लता अशा चित्रपटगृहांत ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही पाटी झळकू लागली. दिवे मालवायच्या आधी आणि नंतरही बरेच जण चणे-शेंगदाणे आणायला बाहेर जात. जे खुर्चीत बसून राहत त्यांना मात्र नागालँडचे विणकर, भाक्रा धरण, अजिंठ्याची चित्रे, मधमाशांचे पोळे असे काहीबाही दिसे. ते त्यांनी निवडलेले नसे. तिकीट काढले ते नटनट्यांसाठी, आणि हाती पडले पोळे.

या संस्थेच्या कामाकडे ‘सरकारी प्रचार’ म्हणून पाहायची रीत आहे, आणि तिथे प्रचार भरपूर होता हे खरेच. पण साठच्या दशकात जाँ भावनगरी यांच्यासारख्या माणसांनी तिथे प्रयोगाला दार उघडले. प्रमोद पती यांनी चित्र आणि ध्वनीची जी तोडमोड केली ती आजही ताजी वाटते. मकबूल फिदा हुसेन यांनी राजस्थानात केलेल्या बिनसंवादी लघुपटाला १९६७ मध्ये बर्लिनचे गोल्डन बेअर मिळाले. तोही फिल्म्स डिव्हिजनचाच. आणि या सगळ्याचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार होई. डिचोलीच्या शाळकरी मुलाला ध्रुवीय हिमाची किंवा हातमागाची गोष्ट मराठीतून ऐकू येणे ही त्या काळात साधी बाब होती.

मग दूरदर्शन आले. दिल्लीत १९५९, मुंबईत १९७२, आणि १९८२ च्या एशियाडनंतर देशभर ट्रान्समीटर उभे राहत गेले. त्याआधी, १९७४ मध्ये, विजया मुळे यांनी केलेला एकीची गोष्ट सांगणारा ऍनिमेशनपट पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या ओठी राहिला. १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दुपारी लागत. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांची ५३ भागांची ‘भारत एक खोज’ ही मालिका आली, आणि इतिहास नाट्यातून कसा उभा करावा याचा वस्तुपाठ हौशी रंगकर्मींना घरबसल्या मिळाला. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सुरभि’ने तर प्रेक्षकांना लिहिते केले. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दर भागात एक प्रश्न विचारत आणि उत्तरांची पोस्टकार्डे पोत्यांनी येत. एका गावची कला दुसऱ्या गावाला दाखवणे हे त्या कार्यक्रमाचे काम होते, आणि कसलाही गाजावाजा न करता ते त्याने दहा वर्षांहून अधिक काळ केले. १९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी भारतात आल्यावर प्राणिजगताची दृश्ये केबलवर चोवीस तास मिळू लागली. विपुलता आली, पण ठरावीक वेळेची ओढ संपली.

गोव्यापुरते पाहिले तर खरे वळण २००४ मध्ये आले. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव त्या वर्षी पणजीत भरला आणि मग इथेच स्थिरावला. (१९५२ मध्ये हा महोत्सव मुंबईत पहिल्यांदा भरवला तोही फिल्म्स डिव्हिजननेच.) जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाचा परिसर आणि कांपालची कला अकादमी नोव्हेंबरात गजबजून जाऊ लागली. इंडियन पॅनोरमात माहितीपटांसाठी स्वतंत्र विभाग असतो, त्यामुळे ज्यांनी उभ्या आयुष्यात माहितीपट म्हणजे मध्यंतरापूर्वीची सक्ती एवढेच पाहिले होते, त्यांनी तो मुद्दाम रांगेत उभे राहून पाहिला. दिग्दर्शकाला प्रश्न विचारले. उत्सवी रंगभूमीवर रात्रभर नाटक करणारी माणसे या रांगांत होती, कला महाविद्यालयातली मुले होती. प्रतिनिधीचा बिल्ला गळ्यात अडकवून दिवसाला चार-पाच चित्रपट पाहणारी एक पिढी इथे तयार झाली. स्ट्रीमिंग आले तेव्हा या पिढीला काय शोधायचे ते ठाऊक होते.

नेटफ्लिक्सने ६ जानेवारी २०१६ रोजी भारतात पाऊल ठेवले. हॉटस्टार त्याच्या आदल्या वर्षी आले होते, प्राइम व्हिडिओ त्याच वर्षअखेरीस आले. पण सत्तरी-केपेच्या वाड्यांवर ते पोचले ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटाचे दर कोसळले म्हणून. पुढे २०२० ची टाळेबंदी आली. जत्रा बंद, काले बंद, नाटके बंद. चित्रपट महोत्सवही जानेवारी २०२१ मध्ये निम्मा प्रत्यक्ष आणि निम्मा ऑनलाइन झाला. हातात काम नसलेले नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, तबलजी, पेटीवाले घरी बसून पाहत राहिले. पाककलेवरचे, वास्तुकलेवरचे, वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांवरचे माहितीपट तोवर केवळ हौशींचे समजले जात. ते या काळात घराघरांत शिरले.

या सगळ्यात माझ्या मते निर्णायक ठरले ते चित्र थांबवता येणे. चित्रपटगृहात दृश्य निघून जाई आणि दूरदर्शनवर आठवडा उलटून जाई. व्हिडिओ कॅसेटवर थांबवले तर चित्र थरथरे आणि त्यावर रेघा उठत. आता मात्र चौकट स्वच्छ थांबते आणि बोटांनी मोठीही करता येते. प्रकाश कुठून येतो आहे, सावली कुठे संपते, हत्तीचा कान कुठल्या सांध्यावर हलतो, हे कारागिराला लागते तितका वेळ पाहता येते. दिवाळीतल्या नरकासुराच्या प्रतिमेचा खांदा, मनगट, मान हलती करणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे. चवथीच्या सातव्या दिवशी कुंभारजुव्याच्या नदीत दोन होड्या जोडून त्यावर सांगोड उभारतात, तेव्हा देखावा पाण्यावर डुलतच असतो. त्यात काय तोलायचे आणि काय मोकळे सोडायचे याचा अभ्यास समुद्री जीवांच्या एखाद्या माहितीपटावरूनही करता येतो. शिगम्याच्या चित्ररथांवर कधी कधी लोकप्रिय मालिकेतले पात्र जसेच्या तसे उभे केलेले असते, तेव्हा मला वाईट वाटते. हात कसबी असतात, पण पाहणे थांबवलेल्या चौकटीपुरतेच राहिलेले असते.

उलट माटोळीकडे पाहावे. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकटीला आंबाडे, तोरिंजन, कांगण्या, सुपारीचे घोस, नारळ टांगण्याची ही प्रथा. कला आणि संस्कृती खाते दरवर्षी तिची स्पर्धा घेते आणि फोंडा, सत्तरी, सांगे भागांतले शेतकरी रानफळांतून आकृत्या उभ्या करतात. आकृतीची कल्पना पडद्यावरून आली तरी तिला लागणारे फळ रानात जाऊनच शोधावे लागते. कुठले फळ किती दिवस टिकते, कुठल्याचा रंग तिसऱ्या दिवशी उतरतो, हे कुठल्याही माहितीपटात सापडत नाही. पाहिलेले आणि माहीत असलेले यांची अशी गाठ जिथे पडते तिथले काम वेगळे उठून दिसते.

एक तोटाही सांगायला हवा. आपण काल पाहिले त्यासारखेच आज पुढे करणे ही या स्ट्रीमिंग मंचांची रीत आहे. समुद्र पाहिला की आणखी समुद्र. मधमाशांचे पोळे आता आपल्या वाटेवर अवचित येत नाही, ते मुद्दाम शोधावे लागते. आणि शोधणाऱ्यासाठी सोय आहे. फिल्म्स डिव्हिजनचे (२०२२ मध्ये ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले) अनेक जुने पट यूट्यूबवर विनामूल्य पाहता येतात. २००० मध्ये स्थापन झालेल्या पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचेही बरेच माहितीपट तिथे आहेत. अरुण खोपकरांनी वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या कामावर २००८ मध्ये माहितीपट केला. कोरियांची रिकामी जागा हाताळण्याची रीत एकदा ध्यानात आली, की त्यांनीच रचलेल्या कला अकादमीत नाटकाला जाताना प्रवेशद्वारापासून मांडवीपर्यंतची मोकळी जागा वेगळी वाटू लागते.

दूरचे पाहताना कधी अचानक आपलेच दार उघडते. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांची गोष्ट सांगणारे माहितीपट जगभर पाहिले जातात. त्या यानांवरच्या सोनेरी तबकडीत संगीताचे २७ तुकडे आहेत आणि त्यांतला एक केसरबाई केरकरांचा, ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. केसरबाई फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. दोनांपैकी नंतर सुटलेले यान, व्हॉयेजर-१, ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. अवकाशावरचा कार्यक्रम म्हणून पाहायला बसलेल्या गोव्यातल्या एखाद्या मुलीला तिथून केरीचा रस्ता दिसला, तर तिच्या हातून काय होईल, याची मला फार उत्सुकता आहे.

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी ओसरते तेव्हा घरांची जोती आणि सोमेश्वराचे स्थान वर येते, विस्थापित ग्रामस्थ तिथे जमतात. कुर्डीवर माहितीपट झाला आहे, बातम्यांचे तुकडे तर असंख्य आहेत. अशी कितीतरी गावे, पेरणी जागर, रणमाले, धालो, काला असे लोककलाप्रकार अजून नीट चित्रित व्हायचे आहेत. ज्यांनी जगभरचे माहितीपट थांबवून थांबवून पाहिले, त्या मुलांच्या खिशात कॅमेरा आहे आणि ते ही कामे करू शकतात. अडते ते भाषेपाशी. मोठ्या मंचांवर हिंदी, तमिळ, तेलुगू निवेदन मिळते, मराठी क्वचितच. इंग्रजी उपशीर्षके वाचता वाचता प्राथमिक शाळेतल्या मुलाचे चित्राकडे लक्ष राहत नाही, आणि गोव्यात मराठी शाळांत शिकणारी मुले आजही आहेत. फिल्म्स डिव्हिजनने पन्नास-साठच्या दशकांत आकाशवाणीच्या तोडीचे आवाज बसवून मराठी निवेदने केली. तसे निवेदन आजच्या माहितीपटांना मिळावे, ही मागणी इथल्या नाट्यमंडळांनी, शिक्षकांनी आणि मराठी संस्थांनी मंचांकडे लेखी करायला हवी.