मुंबईच्या प्लेगला बसवलेला वक्र

साथींच्या गणितावरच्या कित्येक पुस्तकांत एक जुना आलेख हमखास भेटतो. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगने किती माणसं दगावली, त्याचे ठिपके. आणि त्यांच्यामधून चढत जाऊन तशीच उतरणारी एक गुळगुळीत रेघ. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या एडिंबरोच्या जोडीने १९२७ साली तो छापला. केरमॅक रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आणि कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले.

मुंबईत प्लेग उघडकीस आला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवीत. निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांचं. पुढची पुण्यातली सक्ती आणि रँडचा वध आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आकड्यांची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९०५ पासून परळला बसून प्लेगचा शास्त्रीय तपास सुरू झाला. शहरभरातून आणलेले उंदीर तपासले गेले, पिसवा मोजल्या गेल्या. आधी उंदीर पडतात आणि मग माणसं, हे लोकांनी पाहिलेलंच होतं. आता त्याला आठवडेवार नोंदींचा आधार मिळाला.

साथीला वक्र बसवणं तसं नवं नव्हतं. इंग्लंडमध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांनी १८४० मध्येच देवीच्या मृत्यूंवर ते करून पाहिलं होतं. पण तिथे फक्त आकार जुळवायचा होता. केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी आधी यंत्रणा मांडली: लागण होऊ शकणारे, लागण झालेले, आणि बरे होऊन किंवा मरून साखळीबाहेर पडलेले. समीकरणं त्यातून आली, वक्र समीकरणांतून. मुंबईसाठी त्यांना तीनच आकडे लागले: ८९० ही शिखराची उंची, ०.२ हा चढउताराचा वेग, आणि ३.४, ज्याला ०.२ ने भागलं की शिखराचा आठवडा मिळतो. यांतून निघतं ते असं, की सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, शिखर. तिथे आठवड्याला ८९० मृत्यू. आणि वक्राखालची एकूण बेरीज, म्हणजे साथीतले सगळे मृत्यू, सुमारे ८,९००.

वक्र बसला छान. पण लेखकांनीच लगेच हात आखडता घेतला, आणि हाच भाग पुढे बहुतेकांनी गाळला असं मला वाटतं. माणसातला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, सगळ्या उंदरांना लागणीचा धोका सारखाच, लागणीचा आणि मृत्यूचा दर शेवटपर्यंत स्थिर, ही सगळी गृहीतकं काटेकोरपणे खरी नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलं. तेव्हा या आकड्यांवरून मूळ दर काढायला जाऊ नका, असंही बजावलं. ते काढता येतही नाहीत. सुरुवातीचे निरोगी, सुरुवातीचे बाधित, लागणीचा दर आणि साखळीबाहेर पडण्याचा दर, अशा चार अज्ञात राशी. हाती आकडे तीन. वेगवेगळ्या जोडण्यांतून तोच वक्र निघतो.

शिवाय ही एकाच हंगामाची नोंद. मॉडेलच्या मते साथ ओसरते ती लागण होण्याजोगे उंदीर संपत आल्यामुळे. मुंबईत मात्र प्लेग वर्षानुवर्षं त्याच सुमाराला परतत होता, हिवाळ्याअखेर चढायचा आणि उन्हाळा तापला की बसायचा. २०१२ मध्ये फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी नेमकं हेच पकडलं: स्थिर दर सोडून ऋतूनुसार बदलणारे दर घेतले, उंदीर आणि पिसवा वेगळ्या मोजल्या, आणि एका उंचवट्याऐवजी ओळीने कित्येक वर्षांचे आकडे समोर ठेवले.