बर्फावरची रेघ आणि घोट्याचं दुखणं

पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर बसून डावा बूट काढायला त्या शनिवारी मला दहा मिनिटं लागली. बूट निघाला, मोजा निघाला आणि पाऊल जिथे नडगीला मिळतं तिथे पुढच्या बाजूला बाइंडिंगच्या, म्हणजे स्नोबोर्डला बूट जखडणाऱ्या खोबणीच्या, पट्ट्याचा लालभडक ठसा दिसला. बोटं वर उचलायला गेलो तर त्या ठशाखाली कळ आली. बाहेरच्या घोट्याखाली वेगळंच ठणकत होतं. दिवसभरात एकदाही जोरात पडलो नव्हतो. मग हे दुखणं आलं कुठून?

डेन्व्हरहून पहाटे निघायचं, सुमारे ३,४०० मीटर उंचीवरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडायचा आणि पलीकडच्या उतारांवर दिवस घालवायचा, हा कोलोरॅडोत राहणाऱ्यांचा हिवाळी नेम. तीन-चार हिवाळे मी स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय आडवे जखडलेल्या एका फळीवर, बऱ्यापैकी उतरत होतो. घोटा कधी दुखला नाही. दुखायला लागला तो कार्व्हिंग शिकायला घेतल्यावर.

साधं वळण म्हणजे बोर्ड आडवा करून बर्फ खरवडत घसरणं. मागे वळून पाहिलं तर झाडू फिरवल्यासारखा रुंद पट्टा दिसतो. कार्व्हिंगमध्ये बोर्ड कडेवर उभा करायचा आणि त्या कडेवरूनच धावू द्यायचा, आडवा घसरू द्यायचा नाही. मागे राहते ती पेन्सिलीने ओढावी तशी एक रेघ. सकाळी यंत्राने विंचरलेला बर्फ कॉर्ड्युरॉयच्या पँटसारखा पन्हाळी-पन्हाळीचा असतो. त्यावर ही रेघ इतकी स्वच्छ उमटते की आपली चोरी लपत नाही.

बोर्ड वळतो तो त्याच्या आकारामुळे. तो मध्ये अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असतो, म्हणजे त्याची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. नेहमीच्या बोर्डात या वर्तुळाची त्रिज्या साधारण सात ते नऊ मीटर असते. बोर्ड कलला की मधला भाग बर्फाला टेकेपर्यंत तो वाकतो आणि वळण आणखी आवळतं. कडक बर्फावर ६० अंश कललेल्या बोर्डाच्या वळणाची त्रिज्या हिशेबाने निम्मी होते. थोडक्यात, वळण पायाने ढकलून घ्यायचं नसतं. बोर्ड कलता केला की उरलेलं भूमिती करते.

पण तो कलता करायचा कसा, आणि कललेला धरून कुणी ठेवायचा? माझ्या घोट्याचं दुखणं याच प्रश्नातलं होतं.

आधी भार पाहू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने दहा मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर शरीराला आडवं जाणवणारं ओझं आपल्या वजनाइतकंच असतं. खालचं वजन आणि हे आडवं ओझं एकत्र केलं की पायांवर वजनाच्या सुमारे १.४ पट भार येतो. माझ्यासारख्या सत्तर किलोच्या माणसासाठी हे झाले साधारण शंभर किलो. घसरत वळताना यातला बराच भाग बर्फ खरवडण्यात हप्त्याहप्त्याने चुकता होतो. कार्व्हिंगमध्ये कड रुतून बसते, त्यामुळे सगळा हिशेब रोख द्यावा लागतो, तोही वळण संपेपर्यंत.

आता हा भार पावलावर कुठे पडतो ते पाहू. पुढच्या कडेवर, म्हणजे टो-साइडला, कड चवड्याखाली असते आणि घोट्याचा सांधा तिच्या बराच मागे. एका पायावर पन्नास किलो धरले, कड घोट्यापासून बारा सेंटिमीटर पुढे आणि टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) पाच सेंटिमीटर मागे धरली, तर तरफेच्या नियमाने त्या कंडरेला १२० किलोच्या आसपास ओढ सोसावी लागते. बूट यातला काही वाटा उचलतो, म्हणून हा हिशेब ढोबळच आहे. तरी संध्याकाळी जिना उतरताना पोटऱ्या का कुरकुरतात, ते यातून कळतं.

हील-साइडची गोष्ट उलटी. कड टाचेखाली असते आणि बोर्ड कलता ठेवायला चवडा वर खेचावा लागतो. हे काम नडगीच्या पुढच्या बाजूला असलेल्या तुलनेने बारीक स्नायूचं. पोटरीपुढे तो पोरसवदाच. त्याला मदत म्हणून बाइंडिंगला मागे उंच पाठ असते. तिच्यावर पोटरी टेकवून मागे रेलायचं, म्हणजे बोर्ड आपोआप कलतो. पण मागे रेलायची भीती वाटते, कारण ज्या बाजूला झुकायचं ती पाठीमागे, डोळ्यांना दिसत नाही, आणि मन म्हणतं, पडशील. मग नवशिका धड उभंच ठेवतो आणि बोर्ड निव्वळ चवडे उचलून कलवू पाहतो. मी दोन शनिवार हेच केलं.

यात एक गंमत आहे. हळू जाताना वळणातलं आडवं ओझं कमी असतं, म्हणून शरीर फार झुकवता येत नाही. झुकवलं की आपण आत कोसळतो. त्यामुळे हळू वेगात कलाचं बरंचसं काम सांध्यांवर पडतं. सुरक्षित वाटावं म्हणून मी सर्वांत सौम्य उतार निवडला होता, आणि घोट्याला सर्वांत जास्त राबवत होतो तोही तिथेच.

मुळात घोटा अशा ओझ्यासाठी वेगळ्याच पद्धतीने घडलाय. घोटा म्हणून आपण ज्या दोन गाठी दाखवतो, त्या खरं तर वरच्या हाडांची टोकं आहेत. आतली गाठ नडगीच्या हाडाची, बाहेरची तिच्या शेजारच्या बारीक हाडाची. या दोघांच्या चिमट्यात टॅलस नावाचं हाड बसतं. अख्ख्या शरीराचं वजन त्याच्यातून खाली जातं, तरी त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. त्याचा जवळपास साठ टक्के पृष्ठभाग गुळगुळीत कूर्चेने झाकलेला असतो आणि आजूबाजूचे अस्थिबंध आणि कंडरा त्याला जागेवर धरून ठेवतात. वरच्या सांध्यात पाऊल वर-खाली होतं, टॅलसच्या खालच्या सांध्यात ते आत-बाहेर कलतं. वर दुमडायची मुभा साधारण वीस अंशांची, खाली ताणायची त्याच्या दुपटीहून अधिक.

ही वीस अंशांची मुभा सगळ्यांना सारखी मिळत नाही. टाचा न उचलता उकिडवं बसता येणाऱ्याकडे ती सहसा भरपूर असते. हॅवलॉक चार्ल्स या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये पंजाबातल्या लोकांच्या पायांच्या हाडांवर निबंध प्रसिद्ध केला होता. उकिडवं बसण्याच्या सवयीने नडगीच्या आणि टॅलसच्या हाडांवर जादाचे गुळगुळीत टेकू तयार झालेले त्याने नोंदवले. माझी आजी तासभर उकिडवी बसून भाजी निवडायची. मी वीस वर्षं ऑफिसच्या खुर्चीत काढली. भिंतीकडे तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवून पाहिला, तर उजव्या पायाने अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवून जमलं, डाव्याने जेमतेम सहा. कडक बुटात गुडघे वाकवून बसायचं म्हटलं की डावा घोटा आपल्या मुभेच्या शेवटच्या अंशावर उभा असायचा. पुढे सरकायला जागाच नाही, मग धक्के जिरवणार कोण?

आता पट्ट्याकडे येतो. माझा बूट अर्धा नंबर मोठा होता. जाड मोजे घालून घेतलेला, त्यात वर्षभराने आतलं अस्तरही दबलेलं. टो-साइडला टाच आतल्या आत उचलली जायची. त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे पट्टा आणखी दोन खाचा आवळणं. चवडा वर खेचणाऱ्या कंडरा घोट्याच्या पुढे अगदी कातडीखालून जातात. त्यांच्यावर पट्टा आवळलेला आणि त्याच वेळी त्यांनी ओढत राहायचं, म्हणजे दगडाखालून दोरी ओढण्यासारखं. ठसा तिथेच होता आणि कळही. दोन मोजे घालण्याचाही प्रयोग करून झाला. त्याने टाच आणखी सरकते आणि पाय आणखी गारठतो.

उतारावर चढवणाऱ्या लोंबत्या खुर्चीच्या लिफ्टवर शेजारी बसलेल्या एका पांढऱ्या दाढीच्या प्रशिक्षकाने विचारलं, "वळणाच्या मध्यावर बुटातली बोटं हलवता येतात का तुला?" हसण्यावारी नेलं आणि पुढच्या वळणात करून पाहिलं. बोटं बुटाच्या तळात नखं रोवल्यासारखी आकसलेली होती. पुढचा आणि मागचा स्नायू एकाच वेळी आवळून मी घोट्याचा लाकडी ठोकळा करून टाकला होता. सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन यांनी हेच निरीक्षण मांडलं होतं: नवं कौशल्य शिकताना माणूस आधी सांधे गोठवतो, म्हणजे सांभाळायच्या हालचालींची संख्या कमी होते. सायकल शिकणारं पोर हँडल करकचून धरतं, तसंच. सतत आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्याही दाबल्या जातात, रक्त पुरत नाही, आणि दहाव्या वळणाला नडगीत आग पेटते.

बाहेरच्या घोट्याखालचं ठणकणं मात्र मी इतक्या सहज सोडणार नव्हतो, आणि कुणी सोडूही नये. कोलोरॅडोतल्याच बारा स्की रिसॉर्टमधल्या स्नोबोर्डिंगच्या ३,२१३ दुखापतींचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घोट्याच्या ४९१ होत्या, आणि त्यांपैकी ७४ जणांच्या टॅलसच्या बाहेरच्या कोपऱ्याला तडा गेला होता. एरवी दुर्मीळ असलेलं हे हाड मोडणं स्नोबोर्डवाल्यांत इतकं आढळलं की डॉक्टरमंडळी त्याला स्नोबोर्डरचा अस्थिभंग म्हणू लागली. उडी मारून उतरताना किंवा जोरात आदळताना घोटा वर दुमडलेला असतो, तशातच तो बाजूला वळला की हा कोपरा चेपतो.

घोळ असा की लक्षणं हुबेहूब मुरगळण्याची. बाहेरच्या गाठीच्या टोकाखाली, किंचित पुढे सूज आणि दाबलं की कळ. साध्या एक्स-रेत हा तडा बऱ्याचदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागतो. एक्स-रे काढायचा की नाही हे ठरवण्यासाठी जगभर वापरले जाणारे ओटावा नियमही इथे अपुरे पडू शकतात, कारण त्यात हाडावरच्या ज्या जागा दाबून पाहायला सांगितल्या आहेत, त्यांत ही जागा नाही. तडा तसाच राहिला तर टॅलसखालचा सांधा कायमचा कुरकुरतो. म्हणून पडल्यानंतर तिथे दुखत असेल आणि आठवड्या-दहा दिवसांत आराम पडला नसेल, तर डॉक्टरांना "स्नोबोर्ड" हा शब्द आवर्जून सांगावा. मी सांगितला. तडा नव्हता, बाहेरच्या गाठीमागून जाणारी कंडरा चिडली होती. तीन आठवडे घरी बसलो, मग एका पायावर उभं राहून दात घासायचा व्यायाम. बायकोला अजून हसू येतं.

बदल फारसे मोठे नव्हते. बूट अर्धा नंबर लहान घेतला, दुकानात अस्तर गरम करून पायाच्या साच्यात बसवून घेतलं, पट्टा दोन खाचा सैल केला. मागचं बाइंडिंग पंधरा अंश मागे वळलेलं होतं, ते पुढच्या बाजूला सहा अंशांवर आणलं. छाती उताराकडे आणि मागचं पाऊल उलट दिशेला, या ओढाताणीत मागचा घोटा आतून पिळला जायचा, तो प्रकार थांबला. आणि उतार जरासा तीव्र निवडला, म्हणजे झुकायला आधार मिळाला.

गेल्या रविवारी सकाळी नऊला पहिल्या लिफ्टने वर गेलो. टो-साइडच्या प्रत्येक वळणात अंगठा उचलून पाहत होतो. उचलला जात होता. खाली थांबून मागे पाहिलं तर पन्हाळींवर चार रेघा बारीक आणि सलग होत्या. हील-साइडच्या रेघा मात्र वळणाच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात अजून झाडू मारतात.