स्क्रीनकास्ट

संगणकाच्या पडद्यावर चाललेले काम निवेदनासह टिपून घेतलेला व्हिडिओ. रोजच्या बोलण्यात याला ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’च म्हणतात. २००४ साली अमेरिकी तंत्रपत्रकार जॉन युडेल यांनी वाचकांकडून नावे मागवली, त्यांतून ‘स्क्रीनकास्ट’ रूढ झाले; पडदा टिपणारे प्रोग्रॅम मात्र त्याआधीपासून होते.

मोफत साधनांपैकी ओबीएस स्टुडिओ आज सर्वाधिक परिचित. २०१२ मध्ये सुरू झालेला हा मुक्त स्रोत प्रोग्रॅम विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो. पूर्ण पडद्याऐवजी त्यात एकच विंडो निवडता येते; मग मध्येच टपकलेला व्हॉट्सॲपचा निरोप प्रेक्षकांपर्यंत पोचत नाही. रेकॉर्डिंग एमकेव्ही प्रकारात ठेवावे. वीज गेली तरी तोवरचे चित्रण त्यात सहसा शाबूत राहते. साध्या एमपीफोर फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ती अर्धवट राहिली की उघडतच नाही. काम संपल्यावर ‘रीमक्स’ची आज्ञा देऊन एमकेव्हीची एमपीफोर करून घेता येते, चित्राचा दर्जा घटत नाही.

शिकवण्यासाठी या तंत्राचा भारतातील ठळक वापर म्हणजे आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. पाठ साधारण दहा मिनिटांचा. आधी संहिता लिहायची, तीही दोन रकान्यांत: एकात पडद्यावर काय घडते, दुसऱ्यात काय बोलायचे. मग ती विषयाचा गंधही नसलेल्या माणसाकडे तपासायला जाते. तो जिथे अडतो तिथे वाक्य बदलायचे. माइक हाती घेण्याआधीची ही मेहनतच पाठ तारते. ऐनवेळी सुचेल ते बोलणाऱ्याचा कर्सर पडद्यावर नुसता भिरभिरत राहतो.

हे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. डबिंग होते ते आवाजाचेच. पडदा इंग्रजीच राहतो, कारण शिकणाऱ्याला पुढे तेच मेनू वापरायचे असतात. व्हिडिओ एका बाजूला, प्रोग्रॅम दुसऱ्या बाजूला, आणि दाखवले तसे स्वतः करून पाहायचे, अशी रीत. निवेदकाची खरी कसरत वेळ जुळवण्यात. मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘फाइल मेनूवर जाऊन सेव्ह ॲज वर क्लिक करा’ हे वाक्य संपेपर्यंत पडद्यावरचे क्लिक कधीच होऊन गेलेले असते.